ड्रमचं पान कोणतं घ्यावं, म्हणजे आवाजही चांगला येईल आणि टिकेलही?

तुम्ही लिहिलंय की बीड-परभणीकडं गावोगाव भीमगीतांचे आणि गणपतीतले कार्यक्रम करता, स्नेअरचं (खाली तारा लावलेल्या ड्रमचं) पान थोड्याच कार्यक्रमांत खड्डे पडून बाद होतं, आणि दुकानदार म्हणतो, ‘सगळीकडं जाडच टाका.’ दुकानदाराचं निम्मं खरं आहे. मीही ऑर्केस्ट्रात ड्रमच वाजवतो, तेव्हा आपल्याकडच्या मैदानांच्या हिशेबानं सांगतो.

आधी खड्ड्यांचं बघू. पान फाटणं वेगळं आणि पानाला खड्डे पडणं वेगळं. ड्रमचं पान म्हणजे पॉलिएस्टरची फिल्म, मायलर. ती एका मर्यादेपर्यंत ताणली तर परत जागेवर येते, त्यापुढं गेली की तेवढ्या जागी कायमची ताणलेली राहते. तोच खड्डा. पान सैल असलं की काडीचं टोक आत रुततं आणि एवढ्याशा जागेवर सगळा मार बसतो. पुरतं ताणलेलं पान काडी परत फेकतं. आपल्याकडं मात्र समजूत उलटी: जास्त आवळलं तर फाटेल, म्हणून ढिलं ठेवायचं. स्नेअर ढिला ठेवणारा पानं जास्त विकत घेतो, हे मी चारचौघांत पैजेवर सांगेन. काडी उभी न मारता आडवी, तिरकी पडू द्या, आणि टोक झिजून चिरलेली काडी तर लगेच बाजूला काढा. ती पान कापते.

दुसरं कारण माइक. 14 एप्रिलला चौकात मंच असतो, शेजारच्या गल्लीत डीजे, आणि साउंडवाला गायक, कीबोर्ड आणि ढोलकीला माइक देऊन ड्रमला म्हणतो, ‘तुमचा असाही ऐकू येतो.’ मग आपण जीव तोडून बडवतो. अशा वेळी कुठल्याही कंपनीचं पान टिकणार नाही. निदान स्नेअर आणि किकला (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमला) माइक मागून घ्या, त्यावर भांडावं लागलं तरी भांडा.

आता निवड. पानाची जाडी मिलमध्ये सांगतात. 1 मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. रेमो कंपनीचं अँबॅसडर किंवा इव्हान्स कंपनीचं जी-1 हे एकपदरी, 10 मिल, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. आवाज मोकळा, गुंज लांब, हलक्या हातालाही बोलतं. एम्परर किंवा जी-2 ही दुपदरी, 7 मिलचे दोन पदर. वजन जास्त आणि पदर एकमेकांना घासतात, त्यामुळं गुंज आखूड, आवाज भरीव, आणि मार जास्त सोसतात. तुमच्या स्नेअरला मी दुपदरी, पांढरा खरबरीत लेप असलेलं पान सांगेन. त्याहून टिकाऊ हवं असेल तर मधोमध खालून गोल ठिपका चिकटवलेलं घ्या. वरची बारीक किणकिण थोडी कमी होते, पण मैदानात ती तशीही कुणाला ऐकू जात नाही. लेप मधोमध झिजून गेला म्हणजे पान मेलं असं नाही. खड्डे नसतील आणि सूर धरत असेल तर वाजवत राहा.

स्नेअरच्या खालच्या बाजूला मात्र जाड पान चुकूनही टाकू नका. तिथलं पान मुद्दाम पातळ, 3 मिलच्या आसपास असतं, तरच तारा खुळखुळतात. ‘सगळीकडं जाडच’ हा सल्ला इथंच फसतो. या पानाला काडी लागत नाही, त्यामुळं ते वर्षानुवर्षं चालतं. फक्त टेम्पोत चढवताना कुणाचं बोट किंवा स्टँडचं टोक लागू देऊ नका.

टॉमना (सेटमधल्या बाकीच्या ड्रमना) वरून दुपदरी पारदर्शक, खालून एकपदरी. इथं फार डोकं लावू नका. निळ्या रंगाचं, दोन पदरांत तेल असलेलं हायड्रॉलिक टिकतं, पण आवाज पार कोरडा करतं. किकला कडेनं आवाज दाबणारी पट्टी असलेलं पान घ्या (पॉवरस्ट्रोक 3, ईमॅड) आणि बीटर (पायानं दाबल्यावर पानावर आदळणारा गोळा) पडतो तिथं पॅच लावा. हा पॅच किकच्या पानाचं आयुष्य सगळ्यात स्वस्तात वाढवतो.

‘कधीच फाटत नाही’ म्हणून कुणी केव्हलारचं (फार चिवट धाग्याचं) पान दाखवेल. ती पानं मार्चिंग बँडच्या स्नेअरसाठी असतात, त्यांना प्रचंड ताण लागतो. साध्या सेटवर तेवढं आवळलं तर पान शाबूत राहील आणि लग (बोल्ट धरणारा भाग) किंवा रिम (पान दाबून धरणारं कडं) वाकेल. आणि ‘ऑक्टोपॅड घेऊन टाका’ म्हणणारेही भेटतील, त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

आपल्या हवेचंही सांगतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी तापलेल्या मंचावर सूर लावला तर रात्री हवा गार झाल्यावर तो चढलेला सापडतो, कारण मायलर तापलं की सैलावतं. शेजारच्या ढोलकीवाल्याचं नेमकं उलटं: चामडं उन्हात चढतं आणि भादव्याच्या ओल्या हवेत उतरतं. 1957 च्या सुमारास रेमो बेलीनं अमेरिकेत मायलरची पानं बाजारात आणली. तोवर ड्रमवालेही वासराच्या कातड्यापायी असेच हवेवर अवलंबून असायचे. तेव्हा कार्यक्रमाआधी बोल्ट आवळायची चावी खिशात ठेवा आणि एकदा सूर बघाच. उन्हात उभ्या बंद टेम्पोत सेट तासन्‌तास ठेवू नका.

बसवताना जुनं पान काढल्यावर ड्रमच्या काठावरून बोट फिरवा. कुठं टवका उडालेला असेल तर नवं पान तिथं नीट बसणार नाही, आधी सुताराकडून नव्हे, ड्रम दुरुस्त करणाऱ्याकडूनच काठ साफ करून घ्या. मग सगळे बोल्ट हातानं आवळा, नंतर चावीनं समोरासमोरच्या जोड्यांत प्रत्येकी अर्धा फेरा. मधोमध तळहातानं दाबा. कडकड आवाज आला तर दचकू नका, पान बसतंय. एकाच बाजूनं गोल फिरत आवळलं तर एका कडेला ताण वाढतो आणि सूर कधीच जुळत नाही.

पान मागवताना माप ड्रमच्या खोडाच्या बाहेरच्या व्यासाचं सांगा, रिमचं नको. रिमला टेप लावली तर 14 इंची स्नेअरचं माप जास्त भरतं आणि भलतंच पान घरी येतं.