मोडलंच आहे, तर आता काय!

“मॅडम, पथ्य पाळते हो मी. पण एकदा मोडलं की मग धरबंद राहत नाही.” मधुमेह असलेल्या माणसांचं समुपदेशन करताना हे मी सतत ऐकते. गेल्या पंधरवड्यातच तिघांनी सांगितलं. म्हणून साताऱ्याच्या एका काकूंची गोष्ट लिहितेय, ओळख पटणार नाही एवढे बदल करून.

वय 54, शुगर सहा वर्षांपासूनची. घरात मुलगा बिस्किटं मोजायचा, सून पेढ्यांचा बॉक्स माळ्यावर ठेवायची. काकूंनी ग्लुकोमीटर आणि आकडे लिहायची वही कपाटात साड्यांखाली दडवलेली. तपासणीआधी आठ दिवस कडक पथ्य, एरवी मशीनला हात लावायचा नाही. त्यामुळे उपाशीपोटीची साखर बरी यायची, पण एचबीएवनसी 9.4, म्हणजे बरीच चढी. ती तपासणी दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब सांगते. आठ दिवसांच्या सोवळ्याने ती फसत नाही.

पहिल्या भेटी घरच्यांच्या तक्रारीत गेल्या. जाऊ दिल्या. मग एकदा बारशाचा विषय निघाला.

“एक पेढा खाल्ला. म्हटलं, आता मोडलंच आहे, तर दुसरा काय नि चौथा काय. रात्री श्रीखंडही खाल्लं.”

“काकू, सोळा सोमवार केलेत कधी?”

“केलेत की, लग्नाआधी.”

“एखादा चुकला तर?”

“आमची आई म्हणायची, पुन्हा पहिल्यापासून.”

“आणि वरणात मीठ जास्त पडलं तर?”

“पाणी वाढवायचं, थोडी डाळ घालायची, उकळी काढायची.”

“पातेलं ओतून देत नाही?”

“अहो, अन्न कोण टाकतं!”

आणि त्या गप्प झाल्या. बराच वेळ. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मीही बोलले नाही. अशा वेळी आपण तोंड उघडलं की समोरच्याचं हाताशी आलेलं निसटतं, हे मला इतक्या वर्षांत कळलंय. मग त्या हळूच म्हणाल्या, “म्हणजे पहिल्या पेढ्यावर थांबता येत होतं.”

त्या एका वाक्यासाठी मी पाच भेटी थांबले होते. मलाही त्या दिवशी नीट उमगलं: आपल्याकडे पथ्याला व्रताचे नियम लागतात. मोडलं की पाप, पाप झालं की लपवायचं, आणि लपवायचं म्हटलं की मोजायचं कशाला? पथ्य खरं तर स्वयंपाकघरातलं काम आहे, रोज थोडं बिघडणारं, रोज सावरता येणारं.

मी मानसोपचारातली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मानते. ‘मी चुकताच कामा नये’ हा हट्ट माणसाला चुकीपेक्षा जास्त छळतो, असं ती सांगते. तिचे जनक अल्बर्ट एलिस यांना स्वतःला चाळिशीत मधुमेह निघाला होता. ते 93 वर्षं जगले. हे मी काकूंना मुद्दाम सांगितलं.

पुढचं काम साधं होतं. वहीत आकडा लिहायचा आणि शेजारी आदल्या काही तासांत काय घडलं तेवढंच. ‘माती खाल्ली’ असले शेरे बंद. महिन्याभरात त्यांनाच दिसलं की जागरणानंतर किंवा भांडणानंतर, गोड न खाताही साखर चढते. ताणात शरीर जी संप्रेरकं सोडतं ती साखर वाढवतात, त्यात कुणाचा गुन्हा नसतो. एकादशीचा उपास मात्र मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू दिला नाही. काही गोळ्या घेऊन उपाशी राहिलं तर साखर 70च्या खाली घसरू शकते. हातपाय थरथरले, घाम फुटला, की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. त्या वेळी पथ्य आठवत बसायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

मुलाला एकदा बोलावलं. आईवर जीव होता, आणि धास्तीही. “‘काय खाल्लंस?’ हा प्रश्न महिनाभर विचारू नकोस. जेवल्यावर ‘चल, चक्कर मारू’ एवढंच म्हण,” असं सांगितलं. जेवणानंतर चाललं की साखर कमी चढते. शिवाय त्या चकरांमध्ये मायलेक बऱ्याच दिवसांनी साखरेखेरीज दुसरं काही बोलले.

गणपतीत काकूंचा फोन आला. “एक मोदक खाल्ला. तूप घालून, सावकाश. दोन तासांनी 196.”

“मग?”

“मग काय, लिहिलं. रात्री चालून आलो. मुलगा विचारत होता किती आली. मी वहीच दिली त्याच्या हातात.”