लागतं, पाहिजे आणि जायचंय

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मार्केटिंगचं बघतो. इंग्लंडच्या एका ग्राहकाला मेल लिहिला, 'यू मस्ट सेंड द ड्रॉइंग बाय फ्रायडे.' साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, "ग्राहक तो आहे की तू?" व्याकरण तर बरोबर होतं. मग मस्ट, हॅव टू, शुड यांतलं कुठे काय वापरायचं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : व्याकरण बरोबर होतं आणि साहेबही बरोबर होते. समोरच्याला उद्देशून 'यू मस्ट' म्हटलं की ती सक्ती बोलणाऱ्याच्या तोंडून येते. शाळेत हेडबाई म्हणतात, नियमावलीत छापतात, 'हेल्मेट्स मस्ट बी वॉर्न' अशी पाटी लावतात. तुमच्या गिऱ्हाइकानं तुमचं काय म्हणून ऐकावं?

तुमची अडचण काय होती? ड्रॉइंग आल्याशिवाय पॅटर्नचं काम सुरू होत नाही. मग लागतं ते तुम्हाला, त्याला नव्हे. ते ओझं स्वतःच्या खांद्यावर घ्या आणि लिहा, 'वी हॅव टू स्टार्ट द पॅटर्न ऑन मंडे. कुड यू सेंड द ड्रॉइंग बाय फ्रायडे?' निकड तेवढीच पोचते आणि कुणाला झापल्यासारखं वाटत नाही.

आता हॅव टू. माझ्या क्लासात मी याच्यासाठी एकच किल्ली देते : मराठीत जिथे 'लागणे' बसतं तिथे बिनधास्त हॅव टू घाला. जावं लागतं, आय हॅव टू गो. जावं लागलं, आय हॅड टू गो. जावं लागेल, आय विल हॅव टू गो. जावं लागलं नाही, आय डिडन्ट हॅव टू गो. मराठीत 'मला' असतं, इंग्रजीत त्याचा 'आय' होतो, एवढं सांभाळा. आणि हॅडच्या पुढे 'वेंट' नको. तीस वर्षं वह्या तपासल्या. 'आय हॅड टू वेंट' दिसलं नाही असा आठवडा आठवत नाही.

बोलताना हे 'हॅव टू' नसतंच, 'हॅफ टू' असतं. पुढच्या ट मुळे व चा फ होतो. पण 'मला दोन बहिणी आहेत' म्हणताना, 'आय हॅव टू सिस्टर्स' मध्ये, व जागेवर राहतो. कान देऊन ऐका, फरक लागलीच कळेल.

मस्टला मात्र भूतकाळच नाही, कारण मस्ट हेच मुळात जुन्या इंग्रजीतल्या एका क्रियापदाचं भूतकाळी रूप. मूळ क्रियापद लोपलं, हे मागे उरलं आणि वर्तमानात येऊन बसलं. म्हणून काल जावं लागलं असेल तर हॅड टू वाचून गत्यंतर नाही. 'ही मस्ट हॅव गॉन' याचा अर्थ 'त्याला जावं लागलं' असा नाही, 'तो गेला असणार' असा आहे. रोजच्या बोलण्यात मस्ट या अंदाजाच्या कामावरच जास्त भेटतो : 'यू मस्ट बी टायर्ड', दमला असाल. सक्तीचा मस्ट इंग्रजांच्या आणि अमेरिकनांच्या बोलण्यातून मागे हटतो आहे. 1961 सालचे आणि 1990 च्या सुमाराचे छापील मजकूर शेजारी ठेवून भाषातज्ज्ञांनी मोजदाद केली, त्यातही मस्टचं प्रमाण घटलेलं दिसलं. पाठ्यपुस्तकात तो अजून पहिल्या बाकावर बसतो, ही गोष्ट वेगळी.

आपलं आपल्यालाच बजावताना मस्ट छान शोभतो. 'आय मस्ट कॉल आई', म्हणजे आईला फोन करायलाच हवा, मनातून वाटतंय. 'आय हॅव टू कॉल द बँक', म्हणजे करावा लागतोय, हौस नाही.

आग्रहाचा मस्ट तिसराच. लेकीकडे लीड्सला गेले होते तेव्हा शेजारच्या बाई कुंपणावरून म्हणाल्या, "यू मस्ट कम राउंड फॉर टी समटाइम." मस्ट म्हणजे सक्ती, हे मी जन्मभर फळ्यावर लिहिलेलं. मी लगेच विचारलं, "व्हेन?" बाई जरा गडबडल्या, मग हसून गुरुवार म्हणाल्या. घरी आल्यावर लेकीनं कपाळाला हात लावला. ते आपल्याकडच्या 'या ना एकदा निवांत' सारखं होतं. गुरुवारी गेले मात्र. केक बरा होता.

शुडसाठी 'करावं' आठवा. मी काय करावं? व्हॉट शुड आय डू? सल्ला आहे, मोडला तर कुणी दंड करत नाही. गंमत म्हणजे शुड ज्या शॅलपासून झाला त्याचा जुना अर्थ 'देणं लागणे', आणि शुडच्याच अर्थाचं ऑट (ought) हे तर 'ओ' (owe) चं, म्हणजे ऋणी असण्याचं, जुनं भूतकाळी रूप. आपणही शंभर रुपये देणं लागतो आणि जावंही लागतंच. कर्तव्याला उधारीचा वास दोन्हीकडे आहे.

प्रश्न : मी नर्स आहे. एका परदेशी पेशंटच्या बायकोला चांगल्या मनानं सांगितलं, 'यू मस्ट नॉट वेट हिअर.' ती दुखावली आणि बाहेर जाऊन बसली. माझं काय चुकलं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या मनात होतं, 'तुम्हाला थांबायला नको', म्हणजे गरज नाही, जाऊन आराम करा. आपला 'नको' मोठा सोयीचा. गरजही नाकारतो आणि मनाईही करतो. कुठलं ते चेहऱ्यावरून समजतं. इंग्रजीत ही दोन कामं दोघांकडे दिली आहेत. मस्ट नॉट म्हणजे थांबू नका, मनाई आहे. डोन्ट हॅव टू म्हणजे थांबावं लागणार नाही, बाकी तुमची मर्जी. तिला ऐकू आलं 'इथे थांबायचं नाही'. म्हणायचं होतं, 'यू डोन्ट हॅव टू वेट.' पुढे 'वी विल कॉल यू' जोडलंत तर ती घरी जाऊन चार घास खाईलही.

औषधाच्या डबीवर 'मस्ट नॉट' दिसलं तर मात्र 'गरज नाही' असा अर्थ कधीही लावू नका. तिथे ती मनाईच असते.

प्रश्न : ऑनलाइन मीटिंगमध्ये मी सांगितलं, 'टुमॉरो आय हॅव टू गो टु गोवा.' अमेरिकेतला सहकारी म्हणाला, 'ओह, सॉरी.' सॉरी कशाला? मित्रांबरोबर चाललो होतो. – एक वाचक, पुणे

उत्तर : कारण तुम्ही 'मला गोव्याला जायचंय' चं जसंच्या तसं भाषांतर केलंत. 'जायचंय' मध्ये इच्छा, बेत आणि नाइलाज तिन्ही एका पिशवीत असतात. इंग्रजीत पिशव्या तीन. इच्छा असेल तर वॉन्ट टू. तिकीट काढलेलं असेल तर नुसतं 'आय ॲम गोइंग टु गोवा'. हॅव टू म्हटलंत की कुणीतरी तुम्हाला ढकलतंय. त्या बिचाऱ्याला वाटलं असणार, एखादं ऑडिट निघालं किंवा नातेवाईक आजारी पडला.

फोन ठेवताना 'आय हॅव टू गो' मात्र खुशाल म्हणा, कुणी सॉरी म्हणणार नाही. तिथे खोटा नाइलाजच सभ्य समजतात.