रिफंड कमी आला? आधी तक्ता बघा

आयकराचा रिफंड कमी आला म्हणून लगेच तक्रार ठोकू नका. विवरण तपासून झाल्यावर ईमेलवर आलेली कलम 143(1)ची सूचना उघडा. तिच्यात दोन रकाने शेजारी शेजारी असतात: तुम्ही भरलेले आकडे आणि आयकर खात्याने धरलेले आकडे. ओळीओळीने खाली या. बहुतेकदा घोळ टीडीएसच्या, म्हणजे पैसे देतानाच कापलेल्या कराच्या, ओळीत सापडतो. मग 26एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) काढा. कापलेला कर तिथे दिसतच नसेल, तर चूक बहुधा कर कापणाऱ्याची (कंपनी, बँक वगैरे). त्याच्याकडून टीडीएस विवरण दुरुस्त करून घ्या, खात्याशी भांडून उपयोग नाही. 26एएस बरोबर असेल, तर कलम 154 खाली दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन करा.

जुन्या थकबाकीपोटी रिफंड वळता करण्याची कलम 245ची नोटीस आली, तर मात्र गप्प बसू नका. माझी थकबाकी कधीच भरून झाली होती, फक्त कर भरल्याच्या चलनावर वर्ष चुकलं होतं (माझ्याच हातून!). मी उत्तर दिलं नाही, रक्कम गेली, परत मिळवायला आठ महिने लागले. मागणी मान्य नसल्याचं कळवा, चलनाचा तपशील द्या, पोचपावती जपून ठेवा.

आणि हो, रिफंडवर मिळालेलं व्याज करपात्र असतं. पुढच्या विवरणात दाखवा.