रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम युरोपात जास्त आणि भारतात कमी का?

तुम्ही विचारलंय की रेस्टलेस लेग्ज, म्हणजे बसल्या-पडल्या पाय हलवल्याशिवाय राहवत नाही असा त्रास, युरोप-अमेरिकेत दहातल्या एकाला असतो म्हणतात, भारतात जेमतेम दोन टक्के, मग पुण्यात तुमच्या आईंना रात्री पाय हलवत बसावं लागतं ते दुसरंच काही आहे का?

तसं गृहीत धरू नका. आकड्यांतला बराच फरक विचारण्याच्या पद्धतीतून येतो. अमेरिका आणि युरोपातल्या पाच देशांत झालेल्या २००५ च्या मोठ्या पाहणीत कुठलाही त्रास धरला तर ७.२ टक्के निघाले. आठवड्यातून दोनदा तरी होतो आणि चांगलाच जाचतो असं धरलं तर फक्त २.७. बंगळुरूच्या पाहणीतले दोन टक्के याच्या शेजारी ठेवून बघा.

नुसतं "रात्री पायात कसंतरी होतं का?" विचारलं तर मधुमेहातली तळपायाची आग, पोटरीत येणारा गोळा, गुडघेदुखी, सगळं 'हो'मध्ये जमा होतं. उलट आपल्याकडे पेशंट "पायाला मुंग्या येतात" म्हणतो आणि बी-१२ घेऊन घरी जातो. म्हणून आईंना या त्रासाची नेमकी लक्षणं विचारा: पाय हलवल्याशिवाय राहवतच नाही का? बसल्या-पडल्या वाढतं का? उठून चाललं की लगेच उतरतं का? सकाळी नसतं, रात्रीच असतं का? गोळा आला की पोटरी हाताला दगडासारखी लागते. रेस्टलेस लेग्जमध्ये ती मऊच असते.

उरलेल्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा असू शकतो. एमईआयएस१, बीटीबीडी९ या जनुकांचे धोका वाढवणारे प्रकार २००७ मध्ये सापडले. ते सगळ्या लोकसमूहांत सारख्या प्रमाणात नसतात. लोह कमी पडण्याशीही या त्रासाचा संबंध आहे, पण नुसत्या रक्तातल्या लोहावर ठरलं असतं तर भारत बराच वर असता: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. इथे प्रश्न मेंदूतल्या लोहाचा आहे. ते रक्तातलं ठीक असूनही कमी असू शकतं.

म्हणून हिमोग्लोबिन १३ आलं तरी थांबू नका. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलेलं आहे ते) सकाळी उपाशीपोटी तपासा. पावसाळ्यात डेंग्यू किंवा कुठलाही ताप येऊन गेला असेल तर काही आठवडे जाऊ द्या. तापात फेरिटिन खोटं वाढतं. फेरिटिन ७५ किंवा त्याखाली, अथवा सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. गोळी लिंबूपाण्याबरोबर, दिवसाआड चालते. चहा आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवा. आपल्याकडे जेवण झालं की चहा लागतो, तिथेच बरंचसं लोह वाया जातं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या आणि उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड यांनी त्रास भडकतो, तेव्हा आधीची औषधं डॉक्टरांना दाखवा. या त्रासावर देतात त्या प्रामिपेक्सोल या औषधाने पहिले महिने छान जातात, पण पुढे रात्रीचा त्रास दुपारी चारलाच सुरू होऊ शकतो. तसं झालं तर डोस वाढवून घेऊ नका आणि मनाने बंदही करू नका, न्यूरॉलॉजिस्टना लगेच सांगा.