नुसतं उपसून हे पाणी स्वच्छ होत नाही

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि बंद पडलेल्या कारखान्यांच्या जागेवरचं दूषित भूजल स्वच्छ करण्याच्या कामात तिला जायचं आहे. तुम्ही विचारता, "पंप लावून पाणी उपसायचं, गाळायचं, यात शिकायचं काय? आणि विषाशी गाठ कशाला?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

धातूचे भाग धुण्यासाठी कारखान्यांत वापरलं जाणारं ट्रायक्लोरोएथिलीन हे द्रावक घ्या. पाण्यापेक्षा ते जवळजवळ दीडपट जड. सांडलं की भूजलाच्या पातळीशी न थांबता वाट मिळेल तसं खाली उतरतं आणि चिकणमातीच्या थरावर साचतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम आहे. हिशेब करून पाहा: एक लिटर द्रावक सुमारे 29 कोटी लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेतं! कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं उपसा केल्यावर प्रमाण घटतं, पंप बंद केला की चिकणमातीत मुरलेलं द्रावक झिरपत बाहेर येतं आणि आकडा पुन्हा चढतो.

म्हणून इतर वाटा निघाल्या. भूजलाच्या वाटेत लोखंडाच्या कणांची भिंत घालायची; तिच्यातून जाताना द्रावकाचे रेणू मोडतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी 1990 च्या दशकात ही पद्धत रुजवली. किंवा डिहॅलोकोकॉइड्स या जिवाणूंना पोसायचं. ऑक्सिजन नसलेल्या थरात ते रेणूतला क्लोरीन एकेक करून काढतात. मात्र काम अर्धवट राहिलं तर व्हिनाइल क्लोराइड उरतं, आणि ते ठरलेलं कर्करोगकारक आहे. जमिनीखाली काय चाललंय हे मोजक्या कूपनलिकांवरून ताडणारा माणूस इथे लागतो. त्याला भूशास्त्र हवंच, पण सेंद्रिय रसायनशास्त्रही हवं. तिने पदव्युत्तर शिक्षण भूजलशास्त्रात घ्यावं आणि रसायनशास्त्राचे विषय जोडीला घ्यावेत. केवळ "प्रदूषण निवारण" नावाचा अरुंद अभ्यासक्रम मी सुचवणार नाही.

धोका आहे, तो मी लपवत नाही. अमेरिकेत अशा जागेवर काम करणाऱ्यांना साधारणपणे 40 तासांचं सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचं असतं. हातमोजे, हवेतली वाफ मोजणारं यंत्र, वेळोवेळी आरोग्य तपासणी हे सगळं देणारीच नोकरी धरायची. मुलाखतीत हे विचारायला तिने संकोचू नये.

आता स्वभावाचं. एकदा एक तरुण मुलगी भूजलाचा नमुना घेत असताना मी शेजारी उभा होतो. पाण्याची आम्लता आणि विद्राव्य ऑक्सिजन स्थिर होईपर्यंत ती मुलगी पंपापाशी थांबून दर काही मिनिटांनी आकडे लिहीत होती. मग 40 मिलिलिटरची कुपी काठोकाठ भरली, झाकण लावलं, उलटी करून बोटाने टिचकी मारली. आत बुडबुडा दिसला. त्यात वाफ शिरते, म्हणून तिने ती कुपी बाजूला ठेवून दुसरी भरली. भर उन्हात, न कुरकुरता.

प्रवेशाची फी भरण्याआधी तुमच्या मुलीला असे नमुने घेणाऱ्या पथकाबरोबर दोन-तीन आठवडे पाठवा. परतल्यावर मला तिने स्वतः लिहावं. विषयांची निवड आम्ही दोघं मिळून करू.