घोडबंदर रोडला कुठल्या सिमला रेंज चांगली, कॉल कट होत नाहीत?
कासारवडवलीत फ्लॅट घेतलाय, कुठलं सिम घेऊ विचारताय, तर अख्ख्या ठाण्यासाठी एकच नाव सांगता येत नाही हो, एकाच बिल्डिंगमध्ये खाली मस्त चालणारं सिम विसाव्या मजल्यावर मान टाकतं, कारण टॉवरचे अँटेना खाली झुकवलेले असतात आणि वर लांबलांबच्या टॉवरचे सिग्नल एकमेकांत घुसतात, मग दांड्या फुल असूनही आवाज तुटतो. आमच्याकडे हॉलमध्ये व्यवस्थित, येऊरच्या डोंगराच्या बाजूच्या बेडरूममध्ये गेलं की कॉल कट! म्हणून शेजाऱ्यांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घेऊन तुमच्याच घरात, खिडक्या लावून बोलून बघा. घरी वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून कॉल, नक्की चालू करा, जिओ एअरटेल दोन्हीवर आहे. आणि नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचीच ठरली तर इंग्लिशमध्ये पोर्ट, स्पेस, तुमचा नंबर असा मेसेज १९०० ला, फक्त आधीच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत.