ॲम्प्लिफायर गेलेला नाही, मागच्या तारा बघा

प्रश्न : वडिलांचा ॲम्प्लिफायर, टर्नटेबल आणि दोन स्पीकर माळ्यावरून काढले. मागे ‘ऑक्स’ लिहिलंय तिथे मोबाइल जोडला तर गाणं मोठ्यानं वाजतं. तिथेच टर्नटेबल जोडला की आवाज अगदी बारीक, आणि वर सतत घूंऽऽ. तंबोऱ्याचा खर्ज तर मोबाइलवरही पोकळ वाटतो. दुकानदार म्हणाला, ‘ॲम्प्लिफायर गेलाय, नवीन घ्या.’ घ्यावा का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नका घेऊ. मोबाइलवर मोठ्यानं वाजतोय तो ॲम्प्लिफायर गेला कसा? दुरुस्तीच्या टेबलावर माझी तीस वर्षं गेली. ‘गेलेले’ म्हणून आलेले कितीतरी सेट मी नुसत्या तारा बदलून परत पाठवले. प्लग काढा, पेटी पुढे ओढा आणि टॉर्च घेऊन मागे बसा.

आधी बारीक आवाज. टर्नटेबलच्या सुईकडून मिळतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट. मोबाइल देतो अर्धा-एक व्होल्ट, म्हणजे शंभरपट किंवा त्याहून जास्त. शिवाय तबकडी कापतानाच खर्ज मुद्दाम दाबतात आणि वरचे स्वर उचलतात. खर्ज पुऱ्या ताकदीनं कोरला तर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूला गाणी मावायचीच नाहीत. किती दाबायचा, किती उचलायचा, याचं ‘आरआयएए’ प्रमाण (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचं) १९५४ साली ठरलं. ते उलटवून गाणं पूर्ववत करणारं सर्किट ‘फोनो’ लिहिलेल्या जोडणीमागे असतं, ‘ऑक्स’मागे नसतं. तेव्हा टर्नटेबलच्या दोन्ही पिना फोनोत घाला, पुढचा सिलेक्टरही फोनोवर आणा, आणि व्हॉल्यूम शून्यावर ठेवूनच सेट चालू करा. फोनोत मोबाइल मात्र कधी लावू नका, आवाज फाटेल.

घूं येते ती बहुधा अर्थिंगची. टर्नटेबलच्या केबलबरोबर एक सुटी बारीक तार असते, टोकाला यू आकाराची पत्ती. लोकांना ती उगाचची वाटते, म्हणून कुणी गुंडाळून ठेवतं, कुणी चक्क कापतं. फोनोजवळ ‘जीएनडी’ (ग्राउंड, म्हणजेच अर्थिंग) लिहिलेला स्क्रू आहे, त्याखाली ती कसा. तरी घूं राहिली तर टर्नटेबल हातभर लांब सरकवून बघा. ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवलात तर आतला ट्रान्सफॉर्मर सुईशी बोलायला लागतो.

आता खर्ज. मिरजेच्या माणसाला तंबोरा पोकळ वाटला तर त्याच्या कानावर विश्वास ठेवावा! एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागलेत. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि खालचे स्वर एकमेकांना खातात. तपासायचं असं : स्पीकरच्या तारा ॲम्प्लिफायरमधून पूर्ण सोडवा. दीड व्होल्टचा साधा सेल घ्या आणि स्पीकरच्या प्लसवर सेलचं प्लस, मायनसवर मायनस क्षणभर टेकवा. टक् आवाज होऊन मोठा पडदा बाहेर यायला हवा. आत गेला तर खुणा उलट्या आहेत. दोन्ही स्पीकर सारखे हलले की लाल खुणेची तार दोन्हीकडे लाल क्लिपमध्ये. मग ‘मोनो’ बटण असेल तर दाबा : गाणाऱ्याचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये उभा राहिला पाहिजे. आधी तो खोलीभर विरघळलेला असणार.

तारांची टोकं पिळूनच क्लिपमध्ये घाला. एक केसाएवढा तांब्याचा धागा शेजारच्या क्लिपला टेकला आणि एका गिऱ्हाइकाच्या सेटचे आउटपुट ट्रान्झिस्टर माझ्याच हातून उडाले होते. पैसे अर्थात मीच भरले.

फोनोवर एकच बाजू वाजली तर सुईच्या मुंडक्यातल्या चार बारीक वायरी बघा : लाल, हिरवी, पांढरी, निळी. माळ्यावर पडून त्यांची टोकं काळवंडतात. चिमट्यानं हलकेच काढून पुन्हा बसवा, ओढू नका. आणि काहीच वाजलं नाही तर घाबरण्याआधी ‘टेप मॉनिटर’चं बटण दाबलेलं नाही ना, ते बघा; दाबलेलं असेल तर सेट फक्त टेपचाच आवाज घेतो.